नागपूरभोवतीची राखीव जमीन कशी मोजायची आणि आकडा कुठे फसतो

शहराभोवती किती जमीन हिरवी दिसते हे एक मोजमाप आणि किती जमीन मोकळी ठेवायची असं कायद्यानं ठरलंय हे दुसरं. नागपुरात या दोन्हींची सरमिसळ फार होते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालातलं 'वनाच्छादन' म्हणजे एक हेक्टर किंवा त्याहून मोठा आणि झाडांच्या छत्राची घनता किमान १० टक्के असलेला कुठलाही तुकडा. जमीन कोणाची आणि झाड कोणतं, हे त्यात पाहिलं जात नाही. म्हणजे काटोल-नरखेडकडची दाट संत्राबाग त्या आकड्यात जाऊ शकते. शेतकऱ्यानं उद्या बाग तोडली तर वनाच्छादन घटेल, पण राखीव जमीन एक आरही कमी झालेली नसेल.

याच्या बरोबर उलट झुडपी जंगल. खुरटी झुडपं, मुरमाड जमीन, उन्हाळ्यात गवताची काडी नाही. उपग्रहाच्या चित्रात ही जमीन 'पडीक' म्हणून येते. पण २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल वनजमीन मानलं. ते क्षेत्र सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. त्यातले कितीतरी तुकडे शहरांच्या अगदी दाराशी आहेत. हिरवळीच्या नकाशात ते दिसणारच नाहीत, म्हणून त्यांच्यावर कोणी मुरूम पसरला तर हिरवळ घटल्याचंही दिसणार नाही.

म्हणून कामाला बसताना दोन थर वेगळे ठेवायचे: हद्दीचा आणि आच्छादनाचा. हद्दीचा थर फक्त अधिसूचनेनं बदलतो. आच्छादनाचा थर दर हंगामात बदलतो. इंग्लंडमध्ये ग्रीन बेल्टची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध होते (देशाच्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांच्या आसपास), ती निव्वळ हद्दीची असते. त्या हद्दीत गवत आहे, गोल्फचं मैदान आहे की जुनी खाण, हे तो आकडा सांगत नाही. आपल्याकडे उलटा प्रकार आहे. आच्छादनाचे आकडे हवे तेवढे मिळतात, आणि हद्दीची वापरण्याजोगी डिजिटल फाईल मिळवायला घाम गाळावा लागतो.

हद्द आधी

नागपूर महानगर क्षेत्र साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, सातशेहून जास्त गावांचं. त्याचा विकास आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. सगळं एकदम मोजायला जाऊ नका. ज्या बाजूला दबाव आहे तिथले पाच-सात मौजे घ्या: वर्धा रोडवर जामठ्याच्या पुढे, समृद्धी महामार्ग जिथे सुरू होतो त्या शिवमडक्याच्या आसपास, बेसा-पिपळा-घोगलीकडे, किंवा फेटरी-गोरेवाड्याच्या बाजूला.

आराखड्याचं पत्रक बहुधा पीडीएफ म्हणून मिळतं. ते क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जागेवर बसवताना चार कोपरे धरून भागत नाही. एका पत्रकाला किमान आठ-दहा नियंत्रण बिंदू (पत्रकावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येणाऱ्या जागा) हवेत आणि ते पत्रकभर पसरलेले हवेत. बिंदू निवडताना तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, जुन्या कालव्याचा पूल, रेल्वेचं फाटक अशा न हलणाऱ्या खुणा घ्या. नाल्याचं वळण घेऊ नका, नाला सरकतो. पांदणही नको, ती दर पिढीत दोन हात इकडेतिकडे होते. बसवताना दोन बिंदू जाणूनबुजून न वापरता बाजूला ठेवा आणि बसवल्यानंतर त्यांच्यावर चूक तपासा. सॉफ्टवेअर दाखवतं ती सरासरी चूक वापरलेल्या बिंदूंचीच असते, त्यामुळे ती नेहमी गोड दिसते.

खसऱ्याच्या, म्हणजे क्रमांक दिलेल्या शेततुकड्याच्या सीमा गावनकाशावरून घेणार असाल तर त्या नकाशाचं माप लक्षात ठेवा. मैलाला १६ इंच या मापात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे जवळपास ४ मीटर. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघच २ मीटर रुंद झाली, वर कागद वर्षानुवर्षं घडीत राहून ताणलेला. अशा नकाशावरून 'अतिक्रमण धुऱ्यापासून (बांधापासून) ३ मीटर आत आलंय' असं कोणी म्हणत असेल तर ते विधान टिकणार नाही. त्यासाठी भूमि अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणीच लागते.

प्रत्येक खसऱ्यापुढे दोन क्षेत्रफळं लिहा: सातबाऱ्यावरचं आणि नकाशावर मोजलेलं. फरक ५ टक्क्यांच्या वर गेला की पत्रक चुकीचं बसलंय, पोटहिस्सा सुटलाय किंवा पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) धरायचा राहिलाय, असं समजा. हा शेवटचा घोटाळा फार होतो. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा वेगळे लिहिलेले असतात आणि घाईत माणूस फक्त पहिला आकडा उचलतो. नाल्याकाठच्या जमिनीत पोटखराबाच जास्त असतो, आणि नेमकी तीच जमीन आपल्याला राखायची असते.

बाकी रकाने: मौजा, प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), खसरा क्रमांक, जमिनीचा दर्जा (राखीव वन, संरक्षित वन, झुडपी, आराखड्यातला कृषी विभाग म्हणजे ग्रीन झोन, नदीकाठचा हरित पट्टा, तलावक्षेत्र), तो ज्या अधिसूचनेनं मिळाला तिची तारीख, आणि हद्द कोणत्या पत्रकावरून काढली ते. एकाच खसऱ्याला दोन दर्जे असतील तर दोन्ही लिहा. झुडपी जंगल महसूल दप्तरात एका नावानं आणि आराखड्यात दुसऱ्याच रंगात सापडू शकतं. त्यातलं एक पुसून फाईल स्वच्छ करण्याचा मोह टाळा, कारण पुढचा वाद तिथेच उभा राहणार असतो.

आता क्षेत्रफळाची ती चूक, जी मला सगळ्यात जास्त चिडवते. ब्राउझरमधले नकाशे वेब मर्केटर प्रक्षेपणात असतात (प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत). नागपूरच्या अक्षांशाला, म्हणजे २१.१५ अंशांना, त्या प्रक्षेपणात प्रत्येक लांबी सुमारे ७ टक्क्यांनी फुगते आणि क्षेत्रफळ १५ टक्क्यांनी. १०० हेक्टरचा तुकडा ११५ भरतो. हद्द एका प्रक्षेपणात मोजली आणि आच्छादन दुसऱ्यात, की फुकटची १५ टक्के वाढ किंवा घट तयार. आपल्या भागासाठी यूटीएम ४४ उत्तर हे प्रक्षेपण वापरा, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४. नागपूर त्या पट्ट्याच्या मध्यरेखेपासून साधारण २०० किलोमीटर पश्चिमेला आहे, तरी क्षेत्रफळाची चूक टक्क्याच्या शंभराव्या हिश्शांतच राहते.

एक पिक्सेल म्हणजे एक आर

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्राचं पिक्सेल, म्हणजे चित्रातला सगळ्यात लहान चौकोन, १० मीटर बाय १० मीटर. म्हणजे १०० चौरस मीटर, बरोबर एक आर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे तोही जवळपास एक पिक्सेल. एका एकरात चाळीस पिक्सेल. या हिशेबामुळे उपग्रहाकडून काय अपेक्षा ठेवायची ते लगेच कळतं. १५०० चौरस फुटांचा प्लॉट दीड पिक्सेलही भरत नाही, आणि त्यावरचं घर त्याहून लहान. ९ मीटरचा मुरमाचा रस्ता नेमका एका पिक्सेलात क्वचितच बसतो अन् दोन पिक्सेल पूर्ण भरतही नाही. तो दोन्ही पिक्सेल थोडे थोडे उजळ करतो. नाल्याकाठचा ३० मीटरचा हरित पट्टा तीन पिक्सेल रुंद, त्यातले दोन काठाचे, म्हणजे शेजारच्या जमिनीत मिसळलेले.

त्यामुळे अर्ध्या हेक्टरपेक्षा, म्हणजे पन्नास पिक्सेलांपेक्षा लहान बदल या चित्रांवरून जाहीर करू नये असं माझं मत आहे. त्याहून बारीक काम रिसोर्ससॅट या भारतीय उपग्रहाच्या लिस-४ कॅमेऱ्यावर करता येतं. त्याचं पिक्सेल ५.८ मीटरचं. पण त्याला तीनच प्रकाशपट्टे आहेत: हिरवा, लाल आणि निकट-अवरक्त. लघुतरंग अवरक्त नाही, त्यामुळे कोरडी माती आणि बांधकाम वेगळं करायला तो कमी पडतो.

तारीख चुकली की सगळं चुकलं

नागपूरच्या भोवतालचं जंगल पानगळीचं. साग, धावडा, सालई, मोवई फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकतात. नोव्हेंबरचं चित्र आणि एप्रिलचं चित्र शेजारी ठेवलं तर गोरेवाडा साफ झाल्यासारखा दिसेल. शेतीतही तेच: सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, कापूस आणि तूर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत उभी असते, गहू-हरभरा मार्चमध्ये. म्हणून दोन वर्षांची तुलना त्याच पंधरवड्याची हवी. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा चांगला: ढग नाहीत, जंगलात पानं आहेत, धुकं अजून दाटलेलं नाही.

उन्हाळ्याचं चित्रही ठेवा, पण वेगळ्या कामासाठी. मे महिन्यात एनडीव्हीआय (लाल आणि निकट-अवरक्त पट्ट्यांवरून काढलेला हिरवळीचा निर्देशांक) चढा राहिला तर ती बहुधा ओलिताची बाग, उतरला तर सागाचं जंगल किंवा कोरडवाहू वावर. संत्रा आणि साग वेगळे करायला याहून सोपा उपाय नाही.

२०२२ च्या आधीची आणि नंतरची सेंटिनेल-२ चित्रं जोडताना एक खोड सांभाळा. २५ जानेवारी २०२२ पासून नव्या प्रक्रिया-आवृत्तीत प्रत्येक पिक्सेलच्या आकड्यात १००० मिळवलेले असतात. ते वजा न करता १०,००० ने भागलं तर प्रत्येक पट्ट्याचं परावर्तन ०.१ नं वाढतं. लाल ०.०५ आणि निकट-अवरक्त ०.३५ असेल तर खरा एनडीव्हीआय ०.७५ येतो. दोन्हींत ०.१ मिसळलं की तो ०.५० होतो. जंगलाचा एक तृतीयांश जोम कागदावर गेला, आणि बातमीही तयार. गुगलच्या अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' संच घ्या. फाईली स्वतः उतरवत असाल तर सोबतच्या माहितीफाईलमधला आवृत्ती क्रमांक पाहा. जुनी चित्रंही नव्या आवृत्तीत पुन्हा काढलेली आहेत, त्यामुळे नुसत्या तारखेवर विसंबून चालत नाही.

नागपूरची आणखी एक अडचण जमिनीखालची. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट आणि काळी माती, पूर्वेला जुने स्फटिकी खडक आणि फिकट माती. काळ्या मातीवर मुरमाचा रस्ता लख्ख उठून दिसतो, मौद्याकडच्या फिकट मातीवर तो विरघळून जातो. पश्चिमेच्या हिंगण्यावर बसवलेली सीमा-किंमत (ज्या आकड्यापुढे बांधकाम मानायचं तो) पूर्वेच्या मौद्याला लावली तर अर्धी वावरं 'बांधकाम' ठरतात. दोन्ही बाजू वेगळ्या चालवा. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांचे राखेचे तलाव हाताने रेखून आधीच बाजूला काढा. कोरडी राख काँक्रीटसारखीच चमकते.

तलावांचे दोन फसवे प्रकार. जलपर्णी पसरली की अंबाझरीसारखा तलावही वनस्पतींत जमा होतो आणि शहराची हिरवळ वाढलेली दिसते. आणि उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या पोटात गाळपेर, म्हणजे गाळावरची शेती होते. ती दिसली म्हणजे तलाव गेला असं नव्हे. तलावाची हद्द पूर्ण भरलेल्या पातळीची धरायची आणि पाण्याचा पसारा सप्टेंबरअखेरच्या किंवा ऑक्टोबरच्या चित्रावर तपासायचा. गाळपेरीच्या जागी भराव पडला तर मात्र पुढच्या ऑक्टोबरला तिथे पाणी दिसणार नाही, तेव्हा पकडायचं.

वर्षभरात एकदा तरी हिरवं होतं का?

बांधकाम ओळखायला एकाच तारखेचं चित्र वापरण्यापेक्षा पूर्ण वर्ष घ्या, जून ते मे. प्रत्येक पिक्सेलसाठी त्या वर्षातल्या एनडीव्हीआयचं ९५ वं शतमक, म्हणजे ज्याच्या खाली ९५ टक्के आकडे येतात ती किंमत काढा. निव्वळ कमाल घेऊ नका, ढगाच्या कडेचा एखादा खोटा आकडा ती बिघडवतो. वावर कितीही पडीक असलं तरी पावसाळ्यानंतर त्यावर गवत येतं आणि आकडा ०.५ च्या पुढे जातो. छप्पर, डांबर, खाण, राख आणि उघडं पाणी वर्षभरात कधीच ०.३ ओलांडत नाहीत. सलग दोन वर्षं ०.३ च्या खाली राहिलेलं पिक्सेलच 'गेलेलं' धरा. एक वर्षाचा उशीर होतो, पण उन्हाळी नांगरटीला बांधकाम म्हणण्याची नामुष्की टळते.

या पद्धतीतून एक गोष्ट निसटते आणि ती नागपुरात सगळ्यात महत्त्वाची आहे: लेआउट, म्हणजे शेताचे पाडलेले प्लॉट. ५७२ आणि १९०० लेआउट (नियमित करायला घेतलेल्या अनधिकृत लेआउटचे दोन गट) हे शब्द इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. शेताचा लेआउट होताना आधी धुरे सपाट होतात, मग मुरमाचे रस्ते, चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खुंट, एक फलक आणि एक चौकीदाराची खोली. घरं कित्येक वर्षांनी येतात. मधल्या काळात प्लॉटांवर पावसाळी गवत माजतं आणि उपग्रहाला ते कुरण वाटतं. जमीन कागदावर शेती, चित्रात हिरवी, आणि प्रत्यक्षात शेकडो लोकांना विकलेली.

लेआउट पकडायचा तर एप्रिल-मेचं चित्र लागतं, गवत वाळल्यावर. त्यातही आकडा कमी आणि डोळा जास्त उपयोगी. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची पट्टी मागेपुढे करून समांतर, काटकोनात छेदणाऱ्या उजळ रेघा शोधा. शेताच्या वाटा वाकड्या असतात आणि विहिरीपाशी किंवा गोठ्यापाशी संपतात. लेआउटचे रस्ते सरळ असतात आणि कुठेच पोचत नाहीत. पाच मौज्यांसाठी हे काम एका दिवसाचं आहे आणि कुठल्याही निर्देशांकापेक्षा खात्रीचं. सापडलेला प्रत्येक लेआउट बेकायदा असतोच असं नाही. महसूल संहितेच्या कलम ४२-ड नं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी वाट दिली. त्यामुळे गावठाणाभोवती २०० मीटरचा पट्टा आखून आतले आणि बाहेरचे वेगळे लिहा.

पिक्सेल मोजणं म्हणजे क्षेत्र मोजणं नव्हे

समजा हद्दीतली जमीन १०,००० हेक्टर आहे आणि नकाशा म्हणतो १२० हेक्टर बदलली. हा आकडा तसाच छापू नये. 'बदललेल्या' भागात ५० आणि 'न बदललेल्या' भागात २०० यादृच्छिक बिंदू टाका आणि नकाशाचं उत्तर झाकून ठेवून ते ठळक चित्रांवर तपासा. पहिल्यातले ३५ खरे निघाले, तर १२० चे ८४ हेक्टर झाले. दुसऱ्या २०० पैकी एकच बिंदू बदललेला सापडला, तर ९,८८० चा दोनशेवा हिस्सा, म्हणजे ४९ हेक्टर त्यात मिळवावे लागतात. अंदाज १३३ हेक्टर. आणि ९५ टक्के खात्रीची मर्यादा येते दोन्ही बाजूंना सुमारे ९८ हेक्टर.

एवढी मोठी मर्यादा त्या एका बिंदूमुळे आली. ४९ हेक्टरचं वजन त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आहे. उपाय असा, की सुटलेले बदल जिथे असण्याची शक्यता जास्त तो भाग वेगळा काढायचा: रस्त्यांच्या आणि गावठाणांच्या कडेचा, समजा, १,५०० हेक्टरचा पट्टा. त्यात १५० बिंदू टाकले की एका बिंदूचं वजन १० हेक्टरवर येतं. उरलेल्या ८,३८० हेक्टरमध्येही २०० बिंदू हवेतच. तिथे एकही बदल सापडला नाही तरी 'शून्य' लिहू नका. २०० पैकी शून्य याचा अर्थ बदल दीड टक्क्याच्या आत आहे एवढाच, आणि ८,३८० चा दीड टक्का म्हणजे सुमारे १२६ हेक्टर. हे वाचून निराश होणारे बरेच असतात, पण ज्याच्या आकड्याला मर्यादा नाही त्यानं हे गणित केलेलंच नसतं.

जागेवर

साध्या फोनचं जीपीएस उघड्यावर ५ ते १० मीटर चुकतं, झाडाखाली त्याहून जास्त. म्हणजे एक पिक्सेल इकडेतिकडे. बिंदू तपासताना जागच्या जागी नाही, आजूबाजूच्या ३० मीटरांत काय आहे ते लिहा. क्यूफील्ड हे ॲप फुकट आहे आणि नेटवर्कशिवाय चालतं. नकाशे घरूनच उतरवून घ्या. प्रत्येक बिंदूला पाच फोटो, चार दिशांचे आणि एक पायाखालच्या जमिनीचा. पायाखालचा फोटो लोक टाळतात, पण मुरूम बाहेरून आणून टाकलाय की तिथलाच आहे हे त्यातच दिसतं. मे महिन्यात सकाळी नऊनंतर जाऊ नका. माणूस सोसेल, फोन तापून बंद पडतो.

मुरमाची खाण दिसली तर क्षेत्रफळावर थांबू नका, खोली घ्या. ५० बाय २० मीटरचा आणि सरासरी ३ मीटर खोल खड्डा म्हणजे ३,००० घनमीटर, म्हणजे साधारण १,०६० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तहसील कार्यालयाचा गौण खनिजाचा कागद ब्रासमध्ये बोलतो, हेक्टरमध्ये नाही. खोली एका जागी न मोजता पाच-सहा ठिकाणी टेपनं घ्या, कारण खड्ड्याचा तळ कधीच सपाट नसतो. खड्ड्यात पाणी असेल तर तेवढा भाग वेगळा लिहा, अंदाजानं भरू नका.

तक्रार द्यायची तर तिचा पत्ता जमिनीच्या दर्जावरून ठरतो, म्हणून तो रकाना आधी भरायचा. ग्रीन झोनमधला लेआउट असेल तर नियोजन प्राधिकरण. वनजमीन असेल तर वनविभाग. झुडपी असेल तर वनविभागासोबत तहसीलदार आणि उपविभागीय अधिकाऱ्यांनाही प्रत. मुरूम असेल तर तहसीलदार. सोबत मौजा, खसरा क्रमांक, अक्षांश-रेखांश, दोन तारखांची चित्रं एकाच मापात आणि जागेवरचा फोटो. मौजा आणि खसरा नसलेली तक्रार नुसत्या उपग्रहचित्रावर पुढे सरकत नाही. ज्या टेबलावर ती जाते तिथलं दप्तर खसऱ्यानंच उघडतं.

आणि हद्दीच्या थराकडे वर्षभर लक्ष ठेवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदल होतात आणि ग्रीन झोनमधले खसरे यलो, म्हणजे निवासी झोनमध्ये जातात. त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते. ती वाचून फाईलमध्ये नवी आवृत्ती करायची. जुन्या आवृत्तीवर कधीच लिहायचं नाही, नावातच तारीख ठेवायची. अशा फेरबदलानं गेलेली जमीन 'अतिक्रमण' या रकान्यात टाकू नका आणि अतिक्रमणानं गेलेली 'फेरबदल' या रकान्यात टाकू नका. वर्षाच्या तक्त्यात हे दोन आकडे शेजारी शेजारी असावेत, पण त्यांची बेरीज नसावी.